माणिकबाईचा डबा

रविवार, ७ ऑगस्ट २००५

आज आमटीभात चालू असताना फोन वाजला. आमची लेक तनया अमेरिकेतून करते ती वेळ नव्हती, म्हणून श्यामला उठली नाही आणि मीही उठलो नाही. वाजून वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. शेवटी मी गेलो. पलीकडे तरुण आवाज. "मेहेंदळे सर का? 'क्रमांक लागेपर्यंत'वाले?"

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून मी सोसायटीत 'टाकीवाले मेहेंदळे' आहे. कादंबरीवाले म्हणून कोणी विचारले की उष्ट्या हाताने उभे राहायलाही बरे वाटते.

मुलाचे नाव सुदर्शन. तनयाच्या कॉलेजातला. इथेच कोथरूडमध्ये त्याने मोबाइलवरचे खेळ बनवायची कंपनी काढली आहे. एका परदेशी कंपनीला अस्सल इथली गोष्ट हवी आहे. राजे, राक्षस, पुराणे हे सगळे बाकीच्यांनी आधीच उचलले. तनयाने माझे नाव सुचवले. तो म्हणाला, "सर, तुमच्या नॉव्हेलमध्ये टेलिफोन आहे आणि आमचा गेम टेलिफोनवरच चालतो. म्हणजे बघा ना!"

मी बघितले. माझी ही एकुलती एक कादंबरी, त्र्याण्णव सालची. वामनराव नावाचा सज्जन कारकून टेलिफोनसाठी अर्ज करतो आणि बारा वर्षे वाट पाहतो. तोवर शेजारच्या माणिकबाईच्या घरी जाऊन फोन घ्यायचा, तिचे बोलणे ऐकून घ्यायचे. शेवटच्या पानावर फोन येतो आणि वामनरावांच्या लक्षात येते, की आता आपल्याला फोन करणारे कोणी उरलेले नाही. एका समीक्षकाने लिहिले होते, 'या कादंबरीत काहीही घडत नाही.' हे कौतुक आहे की कसे, ते त्यांनी स्पष्ट केले नव्हते. मी कौतुक म्हणून घेतले.

श्यामलाला सांगितले. "खेळ?" ती म्हणाली. "तुमच्या कादंबरीचा?" आणि ताकाचा पेला तोंडाला लावून बराच वेळ पीत राहिली. हसत असावी. पेला मोठा होता.

गुरुवार, ११ ऑगस्ट

सुदर्शनच्या कंपनीत जाऊन आलो. एका बंगल्याचा वरचा मजला. बसायला खुर्च्या नाहीत, दाणे भरलेली मोठी पोती आहेत. मी बसलो तो आत आत जात राहिलो. साहित्यविषयक चर्चा गुडघे हनुवटीला लावून करावी लागली.

सुदर्शन फळ्यापाशी उभा. "सर, हीरोचं गोल काय?"

"फोन मिळवणे."

"ग्रेट. त्यासाठी तो काय करतो?"

"अर्ज करतो."

"आणि?"

"वाट पाहतो."

"ओके. वाट बघताना काय करतो?"

"सगळेच. नोकरी करतो, मुलीला शिकवतो, केस पिकतात."

"म्हणजे लेव्हल वाढते?"

"वय वाढते," मी म्हणालो.

मागून एका मुलाने विचारले, "पण सर, त्यानं दुकानातून का नाही घेतला?" मी नोंदणी, वर्गवारी, शिफारशी, सगळे समजावून सांगितले. मुले गप्प होऊन ऐकत होती. मी अश्मयुगातून चालत आलो असल्यासारखे बघत होती. "हे खरंच असं होतं, की तुम्ही इमॅजिन केलंय?" मी ठणकावून सांगितले, एकही ओळ मनाची नाही, सगळे भोगलेले आहे. त्यावर त्यांनी मला थोडे पाणी दिले.

कोपऱ्यात दीपमाला नावाची एक यवतमाळची मुलगी होती. चित्रे तीच काढते. सबंध खोलीत कादंबरी वाचलेली ती एकटीच. वाचनालयातून आणली होती. प्रतीवर कव्हर घातले होते, तिनेच.

करारात मी एक कलम घालून घेतले, की अंतिम संमतीची लेखी सही माझी. सरकारी कचेरीत जन्म काढल्यावर माणूस एवढे तरी शिकतो. सुदर्शन म्हणाला, "शुअर सर, फॉर्मॅलिटी आहे." त्याला फॉर्मॅलिटी म्हणजे काय ते ठाऊक नाही. चांगला मुलगा आहे.

शनिवार, २० ऑगस्ट

दीपमाला घरी आली होती. तिला त्या काळची भांडी, कपडे, पडदे बघायचे होते. श्यामलाने आमचे जुने फोटो काढून दिले आणि थालीपीठ लावले. ही मुलगी इथे कोणाच्या तरी घरी राहते, जेवण डब्याचे. चार थालीपिठे खाल्ली. मध्ये तिच्या आईचा फोन आला. काय जेवलीस, कोणाकडे जेवलीस, ते किती चांगले लोक आहेत, हे सर्व आमच्यासमोर सांगून झाले.

मग मला म्हणाली, "सर, रागावू नका जी. वामनरावांची बायको, म्हणजे काकू, पूर्ण पुस्तकात तीनच वाक्यं बोलतात. आलात का, चहा ठेवू का, आणि फोन आलाय."

मी म्हणालो, ती मितभाषी व्यक्तिरेखा आहे.

श्यामला तव्याकडे पाठ न करता म्हणाली, "चहा ठेवू का?" दीपमाला एवढी हसली की तिला ठसका लागला. मला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. चहा मात्र खरेच ठेवला होता.

मी पेपर वाचत होतो. दोघी स्वयंपाकघरात बोलत होत्या. दीपमाला विचारत होती, दुपारी तुम्ही काय करायच्या?

"तीनला शेजारी जायचे. भावाचा फोन यायचा मिरजेहून."

"रोज?"

"रोज कुठला. महिन्यातून एखादा."

"मग रोज जायच्या?"

"आला तर काय घ्या," श्यामला म्हणाली.

बिचारी. हेच तर मी लिहिले आहे. दुसऱ्याच्या दारात ताटकळत घालवलेल्या दुपारी.

इथे नोंदवून ठेवतो, की माणिकबाई हे पात्र आमच्या स्वारगेटमागच्या भाड्याच्या घराच्या शेजारीण हिराबाई यांच्यावरून घेतले आहे. त्यांचे यजमान सोनबा टेलिफोनच्या तारांवर काम करत, म्हणून त्यांच्याकडे फोन. कोणाच्या लक्षात येऊ नये यासाठी मी नाव पूर्णपणे बदलले. हिऱ्याचे माणिक केले. कादंबरी आली त्याच वर्षी ती मंडळी कात्रजला गावच्या घरी राहायला गेली आणि येणेजाणे सुटले. स्वारगेटहून थेट बस आहे, पण पुण्यात अंतरे फार.

बुधवार, २१ सप्टेंबर

गणपती होऊन गेले. आज खेळाचा पहिला नमुना दाखवला. दीपमालाने केलेला, कादंबरीशी अक्षरशः प्रामाणिक. पडद्यावर एक खोली, खोलीत खुर्ची, खुर्चीत वामनराव. पाचचे बटण दाबले की 'वाट पाहा' असे उमटते आणि कॅलेंडरचे पान उलटते. बरीच पाने उलटली की वामनरावांचे केस पांढरे होतात. मला भरून आले.

एकाच गोष्टीला हरकत घेतली. तीन वाजले की वामनरावांची बायको शेजारच्या दारातून जाते आणि थोड्या वेळाने परत येते. परत येते तेव्हा हसत असते. एवढ्याशा चेहऱ्यात दोनच ठिपके वर सरकवले आहेत, पण हसते हे नक्की.

"ही का हसते?"

"काकूंनी सांगितलं तसं केलं सर."

कादंबरीत असे कुठेही नाही. काढून टाकायला सांगितले. तिने मान हलवली, पण काढताना तोंड असे केले, जसे मीच तिचे काहीतरी काढून घेतले.

मग हा खेळ बाहेरच्या दहा-बारा मुलांना खेळायला दिला. एकाने फोन बिघडला म्हणून बॅटरी काढून पुन्हा घातली. एकाने विचारले बंदूक कुठे आहे. एक मुलगी वाट पाहता पाहता पोत्यातच झोपली. मी सुदर्शनला म्हणालो, ही अनुभूतीच आहे. तो म्हणाला, "सर, परदेशातले लोक डिसेंबरात येतायत. मी कोणाकोणाला काय काय सांगून बसलोय. अनुभूती चालणार नाही."

मग त्याने कादंबरी उघडली. वाचली असावी, कारण बऱ्याच पानांना रंगीत चिकटपट्ट्या होत्या. "अख्ख्या पुस्तकात गेममध्ये चालेल अशी एकच गोष्ट आहे. माणिकबाईचा डबा."

माणिकबाईने फोनशेजारी पत्र्याचा डबा ठेवलेला असतो. कोणी फोन घ्यायला आले की ती आधी डबा खुळखुळवते, नाणे पडल्याचा आवाज ऐकते, आणि मगच फोन हातात देते. त्या प्रकरणाचे एका मासिकात खास कौतुक झाले होते. म्हणजे मुलाला दृष्टी आहे.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर

दुसरा नमुना. नाव बदलले आहे, 'हॅलो मावशी'. वामनराव नाणी गोळा करत जिन्यावरून उड्या मारतात. माणिकबाई वरून लाटणी फेकते. तीन लाटणी लागली की वामनराव मेले. उलट वामनरावांनी पाच चपला नेमक्या मारल्या की माणिकबाई चक्कर येऊन पडते, डबा फुटतो, नाणी उधळतात, फोन वाजतो आणि आपण जिंकतो.

वामनराव उड्या मारणाऱ्यातले नाहीत, हे मी स्पष्ट सांगितले. शिवाय त्यांचा चष्मा दिसत नाही. सुदर्शन म्हणाला, एवढ्या ठिपक्यांत चष्मा बसत नाही, चष्मा घातला तर डोके राहत नाही. तडजोड म्हणून मिशी मिळाली.

पण खोटे कशाला लिहू? मजा येते. कंपनीने दिलेल्या फोनवर बसथांब्यापासून घरापर्यंत खेळत आलो आणि आमचे फाटक ओलांडून पुढे गेलो. सोसायटीतल्या पोरांना फोन दिला तर तासभर परत मिळेना. "मार मावशीला, मार!" असे ओरडत होती. माझ्या कादंबरीविषयी एवढ्या मोठ्याने कोणी काही बोलल्याचे मला आठवत नाही.

श्यामलाला गच्चीतून ते ऐकू गेले. वर आल्यावर मी तिला फोन दिला. तिने चष्मा लावून बघितले. ठिपक्यांची माणिकबाई तिने नीट बघितली. हिरवे लुगडे, कमरेला खोचलेला पदर, कपाळाला मोठे कुंकू. दीपमालाने आमच्या फोटोतून घेतले असणार.

"डबा नव्हता," श्यामला म्हणाली.

"काय?"

"हिराताईंकडे डबा नव्हता. कधीच. उलट चहा असायचा."

मी समजावले, की ही कादंबरी आहे. संघर्षाशिवाय कादंबरी उभी राहत नाही.

"हो. आत्तापर्यंत तो कादंबरीत होता," ती म्हणाली, "म्हणजे तसा कोणाला दिसत नव्हता." आणि फोन टेबलावर पालथा ठेवून कुकर लावायला गेली.

विक्रीवर मारलेला टोमणा मला कळला. बाकी काय म्हणायचे होते ते कळले नाही. तेव्हापासून बोलणे बेताचेच आहे. रक्तदाब बघून घ्यायला सांगितले पाहिजे तिला.

मंगळवार, २५ ऑक्टोबर

श्यामलाचा रक्तदाब उत्तम आहे. बोलणे बेताचेच.

मंगळवार, १५ नोव्हेंबर

दिवाळी झाली. आज अंतिम नमुना. सही करायला चांगले पेन घेऊन गेलो होतो.

सुदर्शन फार खुशीत. "सर, टेस्टिंगमधून एक मोठी गोष्ट कळली. पोरांना मावशी जाम आवडते. वामनराव मात्र कोणाला आठवतच नाहीत. खेळून झाल्यावर विचारलं, कोण होता तो उड्या मारणारा? तर म्हणतात, कोण उड्या मारत होता?"

"मग?"

"मग काढून टाकला. आता प्लेयर डायरेक्ट मावशीवर चपला मारतो. खूप क्लीन झालंय."

मी फोन हातात घेतला. जिना होता, डबा होता, लाटणी होती. मी नव्हतो. म्हणजे वामनराव नव्हते. मिशीसुद्धा ठेवली नव्हती. सुरुवातीला 'मूळ कल्पना' म्हणून माझे नाव येई, तेही जागा पुरत नाही म्हणून गेले होते.

मी पेनाचे टोपण लावले. शांतपणे म्हणालो, संमती नाही.

सुदर्शन आधी हसला. मग करार वाचला. मग पोत्यात बसला. त्याच्या चेहऱ्याकडे बघून वाईट वाटले. त्याने या खेळावर आपले बरेच काही पणाला लावले असावे. "सर, पण का? एक कारण तरी द्या."

कारण कसे सांगणार? साठी ओलांडलेल्या माणसाने 'मला काढलेत म्हणून' असे म्हणायचे? मी म्हणालो, "काही गोष्टींचा खेळ होऊ नये." वाक्य चांगले झाले. उतरता उतरता मलाच पटले.

दीपमाला खाली फाटकापर्यंत सोडायला आली. डोळ्यांत पाणी. म्हणाली, "मला वाटलंच होतं सर, तुम्ही सही नाही करणार." आणि माझ्या पाया पडली. नोकरी जाण्याची भीती असेल बिचारीला. मी सांगितले, काळजी करू नकोस.

बुधवार, १६ नोव्हेंबर

सकाळी झोपेतून उठलो तर सुरळीच्या वड्यांचा वास. तनया गेल्यापासून श्यामलाने त्या केल्या नव्हत्या. फार खटपट असते म्हणते. आज काही सण नाही, कोणी येणार नाही.

ताटली पुढ्यात ठेवून ती समोर बसली. "दीपमालाचा फोन आला होता. सांगितलं तिने."

"काय?"

"सगळं. मला वाटलं नव्हतं, तुम्ही असं कराल." आणि तिने माझ्या हातावर हात ठेवला. भर सकाळी, खिडकी उघडी असताना.

तेव्हा मला हळूहळू उमगले, की माझ्या नकाराचे तिने काही वेगळेच कारण धरले आहे. हिराबाईंना चपला पडू नयेत म्हणून मी परदेशी कंपनीवर पाणी सोडले, असे ती समजते. खरे कारण सांगायला मी तोंड उघडले होते, पण तोंडात वडी होती. ती गिळेपर्यंत श्यामला म्हणाली, "आता एकदा कात्रजला जाऊन येऊ. दोघं."

वड्या उत्कृष्ट झाल्या होत्या. दोन वेळा घेतल्या. दिवसभर विचार करतो आहे, की न बोलणे हे खोटे बोलण्यात मोडते का. सरकारी नियमांत मोडत नाही.

रविवार, २७ नोव्हेंबर

सुदर्शन भेटायला आला होता. मला वाटले भांडायला आला. पण पेढे घेऊन आला. त्याने घाईघाईत नवा खेळ केला. पुण्यातला रिक्षावाला असतो, त्याने येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायचे. एकाला जरी चुकून बसवले तरी हरला. परदेशी मंडळींना तिकडे आधीच पाठवला, ती फार खूश झाली म्हणे. त्यांना वाटले, हे उपरोधिक आहे.

जाताना मला म्हणाला, "सर, तुमच्यामुळे झालं. तुम्ही नाही म्हणालात ना, तिथून सुचलं." श्यामलाने त्याला घट्ट दही घालून पोहे दिले. माझे नाव त्याही खेळात नाही.

रविवार, ४ डिसेंबर

कात्रज. सविस्तर लिहितो.

सकाळी निघताना मी कादंबरीची एक प्रत सही करून पिशवीत घातली. 'हिराबाई यांस, सस्नेह.' श्यामलाने ती बघितली आणि पिशवीतून काढून कपाटावर ठेवली. तिच्या जागी लोणच्याची बरणी ठेवली. स्वारगेटला बस मिळाली. सबंध वाटेत ती खिडकीबाहेर बघत होती आणि हातरुमालाची घडी घालत, मोडत होती.

दूध डेअरीच्या पुढे, आतल्या बाजूला त्यांचे घर. खाली मुलाचे दुकान, वर ही मंडळी. दार हिराबाईंनीच उघडले. पूर्वी होत्या त्याच्या निम्म्या राहिल्या आहेत. मी कादंबरीत त्यांना फारच रुंद केले होते, हे खरे.

आधी श्यामलाकडे बघितले, मग माझ्याकडे, मग बरणीकडे.

"या. चपला बाहेरच काढा," म्हणाल्या. "हातात नगा घिऊ."

म्हणजे खेळाची बातमी पोचली होती. दीपमाला दोन रविवारांपूर्वी येऊन सगळे सांगून गेली होती, असे नंतर समजले. पत्ता तिला श्यामलाने दिला होता. श्यामलाकडे पत्ता होता!

बसलो. सोनबा टीव्हीसमोर होते. त्यांना आता कमी ऐकू येते, त्यामुळे सर्वांशी हसून बोलतात. पाणी आले. शेवटी हिराबाईंनीच विषय काढला.

"तुम्ही म्हनं माज्यासाठी त्या कंपनीला न्हाई म्हनला."

मी छताकडे बघितले. पंखा जुन्या पद्धतीचा होता.

"ते बरं केलं. पर पुस्तकाचं काय? सुनेनं वाचून दाखवलंय मला सगळं. राग आला. मग गेला. चार मानसांत नाव झालं, सून जरा वचकून ऱ्हाती, म्हनलं असू दे. डब्याचं बी काय न्हाई. पर एक गोष्ट मला सांगा. तुम्ही सकाळी हापिसात जायचा, दिवे लागल्यावर यायचा. माज्या घरात कवा आला व्हता? दोनदा? मग म्या पदर कसा खोचते, दुपारची गानी कशी म्हनते, नवऱ्याला कुठल्या शिव्या घालते, ह्ये तुम्हाला सांगितलं कुनी?"

आणि त्यांनी श्यामलाकडे बघितले. रागाने नाही. रागाने बघितले असते तर बरे झाले असते.

"रोज तीनला यायची. माजा च्या प्यायची. आन घरी जाऊन नवऱ्याला माज्या नकला करून दावायची. म्हनून म्या दार लावलं, शामल. त्यांच्यामुळं न्हवं. त्ये काय, लिवनारे."

श्यामलाचा चेहरा पांढरा पडला.

आता मात्र मला राहवले नाही. इतक्या वर्षांनी माझ्या कादंबरीतले सर्वात नावाजलेले पात्र माझ्या बायकोच्या नावावर जमा होत होते, तेही माझ्यादेखत.

"हिने?" मी म्हणालो. जरा मोठ्यानेच म्हणालो असेन, कारण सोनबांनीही मान वळवली. "हिने काय सांगायचे? मी विचारले तर 'फोन आला नाही' याच्यापुढे एक शब्द नाही! नक्कल कसली, नाव काढायची नाही ही तुमचे! तो डबा माझा आहे. पदर खोचणे माझे. गाणी माझी, शिव्यासुद्धा माझ्या, एक एक जुळवून बसवलेली आहे. अख्खी माणिकबाई माझ्या डोक्यातून निघालेली आहे, तीन उन्हाळे टेबलाशी बसून! तुमचा तिच्याशी काडीचा संबंध नाही आणि हिचा तर मुळीच नाही!"

मला क्षणभर वाटले, माझे चुकले. आयुष्यभर सर्वांना सांगत आलो, की एकही ओळ मनाची नाही.

हिराबाईंनी विचारले, "खरं?"

श्यामला म्हणाली, "मलासुद्धा छापून आल्यावरच कळलं, हिराताई."

"मग आली का न्हाईस?"

"आले होते. दोनदा. खालच्या दुकानापर्यंत. वर यायचा धीर झाला नाही."

ही बातमी मला नवी होती. त्या दोन्ही वेळा तिने मला कात्रजचे सर्पोद्यान बघून आले असे सांगितले होते. तिला साप आवडत नाहीत.

यानंतर हिराबाई उठल्या, म्हणाल्या, "चल आत," आणि दोघी स्वयंपाकघरात गेल्या. दार लोटले. आधी काहीच ऐकू येईना. मग कोणीतरी रडत होते. मग कोणीतरी हसत होते. कोण काय करते आहे ते आवाजावरून ओळखता येत नव्हते. माझ्या बायकोचे असे हसणे मला परिचयाचे नाही.

मी सोनबांशी बोलत बसलो. म्हणजे ते बोलत होते. जुन्या तारा, खांब, साहेब लोक. मी सहज मोठ्याने म्हणालो, आमच्या अर्जाला फारच वर्षे लागली बुवा.

सोनबा प्रसन्न हसले. "रांग व्हतीच वो. त्याला कोन काय करनार. पर तुमचा लंबर लागला त्येच्या म्होरं दोन-तीन वरीस ग्येली, ती हिच्यापायी."

"कोणाच्या?"

"हिराच्या. शेक्शनात दोस्त व्हता माजा. म्या म्हनलं, मेहेंदळ्यांचं काम करून टाकतो, शेजारी हायती. तर ही म्हनली, ऱ्हाऊ द्या हो. तेंच्याकडं फोन आला, तर शामल कशाला यील? म्हनून दोस्ताला म्हनलं, कागद ठिव खाली. वर आला की पुन्ना खाली." आणि मला टाळी दिली. मी घेतली.

माझ्या कादंबरीच्या मलपृष्ठावर 'व्यवस्थेच्या निर्दय मौनाचा दस्तऐवज' असे छापलेले आहे.

जेवायला थांबवून घेतले. भाकरी, वांगे, ठेचा. दोघींचे डोळे लाल आणि दोघी माझ्याकडे बघून मधूनच हसत होत्या. हिराबाईंनी मला तीनदा आग्रह केला आणि एकदा 'भावजी' म्हणाल्या. मी काहीतरी चांगले केले आहे असा सर्वांचा समज दिसला. नेमके काय, ते अजूनही नीट लक्षात आलेले नाही. नकार दिला म्हणून, की ओरडलो म्हणून?

परतीच्या बसमध्ये जागा शेजारी शेजारी मिळाली. बालाजीनगर मागे पडेपर्यंत मी वाट पाहिली. मग सहज विचारल्यासारखे विचारले, "फोनच्या कागदाचे तुला माहीत होते का गं?"

ती तिकिटाची सुरळी करत राहिली.

"बरं, ते जाऊ दे. आत इतका वेळ काय बोलत होतात दोघी?"

श्यामलाने माझ्याकडे बघितले. चांगले निरखून बघितले, आणि माझ्या शर्टावरचा भाकरीचा तुकडा झटकला.

"नाही सांगणार," ती म्हणाली. "तुम्ही लिहाल."